मिसिसिपी जॉन हर्ट: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ब्लूजवर, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांवर, गप्पा सुरू झाल्या की दहा मिनिटांत मी जॉन हर्टवर येतो, हे आता माझ्या मित्रमंडळींना पाठ झालंय. मग नवीन आलेला कुणीतरी विचारतो, "हा कोण?" आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. गेल्या काही वर्षांत आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं म्हणून इथे एकदाची लिहून ठेवतोय. हर्टबद्दल एकेरीत लिहिलंय, ते अनादराने नाही. तुकोबालाही आपण एकेरीतच हाक मारतो.

हा जॉन हर्ट नक्की कोण?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात ॲव्हलॉन नावाची वाडीवजा वस्ती आहे, तिथला शेतमजूर. गिटार वाजवायचा, गायचा, गाणी रचायचा. १९२८ साली दोन खेपांमध्ये त्याचं रेकॉर्डिंग झालं. तबकड्या निघाल्या, फारशा चालल्या नाहीत आणि गडी परत शेतावर गेला. १९६३ साली, सत्तरीला आल्यावर, काही तरुणांनी त्याला शोधून काढलं. मग जेमतेम साडेतीन वर्षं तो ठिकठिकाणी गायला आणि १९६६ मध्ये गेला.

कारकीर्द म्हणून हिशेब मांडला तर सगळी मिळून चार वर्षंही धड भरत नाहीत. मध्ये पस्तीस वर्षांचं भगदाड. पण ते भगदाड होतं ते रेकॉर्ड कंपन्यांच्या वहीत. ॲव्हलॉनमध्ये तो वाजवतच होता.

नावात 'मिसिसिपी' कुठून आलं?

कंपनीने चिकटवलं. खरं नाव जॉन स्मिथ हर्ट. ओके रेकॉर्ड्स या कंपनीला तबकडीवर काहीतरी ठसठशीत नाव हवं होतं.

जन्म कधीचा?

१८९२ किंवा १८९३. दोन्ही साली सापडतात. त्या काळात त्या भागातल्या काळ्या मजुराच्या घरी मूल जन्मलं, तर तारीख कुणी नीट लिहून ठेवत नसे. आपल्याकडे निम्म्या आजी-आजोबांचा वाढदिवस १ जूनला का येतो, हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. जन्म टिओक इथला, कॅरोल काउंटीत, आणि लहानपणीच कुटुंब जवळच्या ॲव्हलॉनला आलं.

गिटार कुणाकडे शिकला?

कुणाकडेच नाही. नऊ-दहा वर्षांचा असताना आईने दीड डॉलरला एक जुनं गिटार घेऊन दिलं. त्याआधी घरी येणाऱ्या एका पाहुण्याचं गिटार, मंडळी झोपल्यावर, हा चोरून वाजवायचा. गिटार कसं वाजायला हवं याचा जो आवाज त्याच्या डोक्यात होता तो बोटांतून काढत गेला, असंच तो पुढे सांगायचा.

मला हे पूर्वी जरा रंगवून सांगितल्यासारखं वाटायचं. पण त्याच्या आसपासच्या इतर वादकांची रेकॉर्डं ऐकली की पटतं. तसं वाजवणारं तिथे दुसरं कुणी ऐकूच येत नाही.

पहिलं रेकॉर्डिंग कसं जमलं?

यात एक गोरा फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला, आहे. विली नार्मूर त्याचं नाव, राहणारा त्याच भागातला. नार्मूर आणि शेल स्मिथ ही जोडगोळी गोऱ्यांच्या नाचगाण्यांना वाजवायची, आणि कधी स्मिथ नसला की नार्मूर जॉन हर्टला साथीला घ्यायचा. वर्णभेदाच्या कायद्यांनी करकचून बांधलेल्या मिसिसिपीत हे चालायचं. नाचाला ठेका हवा असला की माणसं बरंच काही चालवून घेतात.

नार्मूरला ओके कंपनीसाठी रेकॉर्डिंगची संधी आली, तेव्हा त्याने कंपनीच्या टॉमी रॉकवेलला सांगितलं की आमच्याकडे अजून एक जण आहे, त्याला ऐका. रॉकवेलने ऐकलं आणि हर्टला मेम्फिसला बोलावलं. तारीख १४ फेब्रुवारी १९२८.

त्या दिवसाची आठवण हर्टने म्हातारपणी सांगितली आहे. भलामोठा हॉल, आत तिघंच: तो, रॉकवेल आणि यंत्रावरचा माणूस. खुर्चीवर बसवलं, मायक्रोफोन पार तोंडापर्यंत आणला आणि एकदा जागा ठरल्यावर बजावलं की आता डोकं तसूभरही हलवायचं नाही. जन्मभर नाचणाऱ्या लोकांसमोर वाजवलेला माणूस असा खिळवून ठेवलेला. नंतर कित्येक दिवस मान दुखत होती म्हणे. हे वाचल्यापासून त्या दिवशीचं 'फ्रँकी' मला वेगळंच ऐकू येतं. गिटार सुसाट पळतंय आणि वाजवणारा पुतळ्यासारखा बसलाय.

मेम्फिसला आठ गाणी झाली, त्यातली दोनच बाजारात आली. ती बरी गेली असावीत, कारण वर्ष संपता संपता रॉकवेलने न्यूयॉर्कला बोलावलं. २१ आणि २८ डिसेंबरला तिथे आणखी बारा गाणी झाली. ओकेसाठी वाजवणारा नावाजलेला गिटारिस्ट लॉनी जॉन्सन तिथे भेटला, तो प्रेमाने वागला, ही आठवणही हर्टच्या बोलण्यात यायची.

किती गाणी निघाली, आणि पैसे किती मिळाले?

मेम्फिसची दोन आणि न्यूयॉर्कची दहा, मिळून बारा गाणी, सहा तबकड्या. पसंत पडलेल्या प्रत्येक गाण्याला २० डॉलर आणि जाण्यायेण्याचा खर्च, असा न्यूयॉर्कचा व्यवहार होता. शेतमजुराच्या हिशेबाने रक्कम लहान नव्हती. पण एकदा दिले ते दिले. पुढे तीच बारा गाणी जगभर किती वेळा छापली गेली असतील, त्याचा त्या वीस डॉलरशी काही संबंध नाही.

मग थांबला का?

तो थांबला नाही, धंदाच बसला. १९२९ चा शेअर बाजार कोसळला, महामंदी आली. १९२७ साली अमेरिकेत दहा कोटींच्या आसपास तबकड्या विकल्या जात होत्या, त्या १९३२ पर्यंत साठ लाखांवर आल्या. गरिबांसाठीच्या तबकड्या सर्वात आधी बंद पडल्या, कारण गिऱ्हाईकच गरीब.

हर्ट गावातच होता. कापूस, मका, दुसऱ्याची गुरं. मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेवरही त्याने काम केलं, आपल्याकडच्या रोजगार हमीसारखं. लग्न, मुलंबाळं, नातवंडं. शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी नाच असला की गिटार. रविवारी चर्च.

ही पस्तीस वर्षं 'अज्ञातवासाची' म्हणून सांगितली जातात, त्याला माझी हरकत आहे. अज्ञात कुणाला? ॲव्हलॉनमध्ये कुणालाही विचारलं असतं तर घर दाखवलं असतं. विचारायला कुणी गेलं नाही, एवढंच.

मग सापडला कसा? गाण्यात पत्ता होता हे खरं का?

अगदी खरं, आणि हीच गोष्ट सगळ्यांना परत परत ऐकायची असते.

१९५२ साली हॅरी स्मिथ नावाच्या एका विक्षिप्त संग्राहकाने १९२०-३० च्या दशकांतली ८४ जुनी रेकॉर्डिंग्ज निवडून एक संच काढला, फोकवेज कंपनीतर्फे. त्यात हर्टची दोन गाणी होती: 'फ्रँकी' आणि 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज'. शहरातल्या कॉलेजच्या पोरांनी हा संच अक्षरशः पारायण केल्यासारखा ऐकला. गाणारी मंडळी कधीच वारली असणार, असं बहुतेकांनी धरून ठेवलं होतं.

त्यातल्याच दोघांच्या, डिक स्पॉट्सवुड आणि टॉम हॉस्किन्स यांच्या, हाती हर्टचं आणखी एक गाणं लागलं: 'ॲव्हलॉन ब्लूज'. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबरच्या थंडीत घरची आठवण येऊन रचलेलं. त्यात तो सरळ सांगतो की ॲव्हलॉन हे माझं गाव, मनातून ते जात नाही. आता मिसिसिपीच्या चालू नकाशांत ॲव्हलॉन दिसेना. एका जुनाट ॲटलासमध्ये मात्र ग्रीनवुड आणि ग्रेनेडाच्या मधोमध ते नाव होतं.

हॉस्किन्स गाडी काढून गेला. गाव म्हणजे एक दुकान, पुढे शेतं आणि टेकडी. दुकानात विचारलं, जॉन हर्ट नावाच्या गाणाऱ्याबद्दल काही ठाऊक आहे का. उत्तर आलं: टेकडीच्या रस्त्याने वर जा, तिसरी टपालपेटी. बस्स. पस्तीस वर्षं 'हरवलेल्या' माणसाचा पत्ता अर्ध्या मिनिटात मिळाला.

हर्टकडे तेव्हा स्वतःचं गिटारही नव्हतं. हॉस्किन्सने बरोबर आणलेलं पुढे केलं. बोटं थोडी अडखळली, पण हा तोच माणूस आहे हे ओळखायला वेळ लागला नाही.

पोलिस आलेत असं त्याला वाटलं, हे कशावरून? विनोद म्हणून सांगतात का?

सांगतात विनोद म्हणून, आणि ऐकणारेही हसतात. सरकारी पोलिस असावेत, एफबीआयवाले वगैरे, असं वाटून 'मी काही वाईट केलेलं नाही' अशा अर्थाचं तो बोलला होता.

पण साल बघा. १९६३ च्या सुरुवातीच्या महिन्यांत, ॲव्हलॉनपासून जवळच्याच ग्रीनवुडमध्ये काळ्या लोकांची मतदार नोंदणी करण्याची मोहीम पेटली होती. नोंदणीला जाणाऱ्यांवर कुत्री सोडली जात होती, गोळ्या झाडल्या जात होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच राज्यात मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याला त्याच्या घराच्या अंगणात गोळी घातली. अशा दिवसांत परगावचा एक गोरा पोरगा तुमच्या दारात येतो, तुमचं पूर्ण नाव घेतो आणि 'माझ्याबरोबर वॉशिंग्टनला चला' म्हणतो. सत्तर वर्षांच्या काळ्या शेतमजुराने काय समजायचं?

तो वॉशिंग्टनला गेला, तेही थोडंसं 'नाही म्हटलं तर काय होईल' या विचारानेच, असं त्याच्या बोलण्यातून पुढे आलं. ही गोष्ट हसत हसत सांगणाऱ्यांनी हा भाग वगळू नये.

तो डेल्टा ब्लूजवाला होता ना?

नाही, आणि ही चूक तबकड्यांच्या वेष्टनांवरही सापडते. ॲव्हलॉन डेल्टाच्या कडेला आहे: एका बाजूला डेल्टा, म्हणजे कापसाचं सपाट मैदान, दुसऱ्या बाजूला टेकड्या. डेल्टातले चार्ली पॅटन किंवा सन हाउस ऐका. आवाज घोगरा, तारेवर आघात, अंगावर येणारं गाणं. हर्ट त्याच्या पुढच्याच टेकडीवर राहून कानाशी बसून गोष्ट सांगावी तसं गातो.

शिवाय तो फक्त ब्लूजच गायचा असंही नाही. जुने पोवाडेवजा किस्से, चर्चची भजनं, नाचाच्या चाली, शहरी तमाशा-थिएटरांतून आलेली गाणी, सगळं त्याच्या पोतडीत होतं. ब्लूज हा शब्द रूढ व्हायच्या आधीपासूनच्या अशा गवयांना तिकडे 'साँगस्टर' म्हणतात. आपल्याकडचा बहुढंगी शाहीर डोळ्यासमोर आणा. चार-चार मात्रांच्या बारा बारचा जो साचा क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात, त्यात हर्टची अर्धी गाणी बसतच नाहीत.

दोन गिटारं वाजतात असं वाटतं. खरंच एकटाच वाजवतो का?

एकटाच. उजव्या हाताची तीन बोटं, नखी नाही.

अंगठा खालच्या स्वरांच्या जाड तारांवर एकाआड एक फिरतो. साधा सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) धरला असेल तर पाचवी तार, चौथी, पुन्हा पाचवी, चौथी. प्रत्येक मात्रेला एक ठोका, न चुकता. तर्जनी आणि मधलं बोट वरच्या बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात, आणि ती चाल पुष्कळदा अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मधे पडते. अनामिका आणि करंगळी गिटारच्या लाकडावर टेकवलेली असतात, हात स्थिर राहावा म्हणून. अंगठा म्हणजे डग्गा आणि बोटं म्हणजे पेटी, असं मी शिकणाऱ्यांना सांगतो. शास्त्रीयवाल्यांनी नाक मुरडलं तरी उपमा कामाची आहे.

आणखी एक गंमत. गाता गाता तो ओळ अर्धवट सोडून देतो आणि उरलेले शब्द गिटार पुरं करतं. कीर्तनकार अभंगाचा चरण अर्धा म्हणतो आणि बाकीचा समोरचे टाळकरी उचलतात, तसं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात शब्द आपोआप भरले जातात.

अंगठा स्वतंत्र चालतच नाही. किती दिवस लागतात?

मला आठ महिने लागले. माझ्या पहिल्या क्लासमध्ये अंगठ्याचं काम फक्त सर्वात जाड तार छेडायचं असतं असं शिकवलं होतं, ती सवय मोडण्यातच निम्मे गेले.

उपाय कंटाळवाणा आहे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे चाल वाजवूच नका. एक कॉर्ड धरा आणि नुसता अंगठा चालवा. तो चालू असताना कुणाशी तरी बोला. बायको 'भाजी कोणती करू' असं विचारते तेव्हा अंगठा न थांबता उत्तर देता आलं, की पुढचा टप्पा. माझा अंगठा पहिल्यांदा 'दोडका' म्हणताना थांबला नव्हता, तो दिवस आठवतो. मग चालीतला एकच स्वर अंगठ्याबरोबर चिमटीसारखा उचलायचा, नंतर तोच स्वर अर्धी मात्रा पुढे ढकलायचा. 'क्रिओल बेल' किंवा 'लुई कॉलिन्स' यांपासून सुरुवात करा, दोन्ही सी कॉर्डच्या घरातली आहेत. 'फ्रँकी'च्या वाटेला इतक्यात जाऊ नका. ते तारांच्या वेगळ्या जुळणीत आहे आणि वेग असा की आत्मविश्वास जातो.

हात बघायचे असतील तर लोकगायक पीट सीगरच्या 'रेनबो क्वेस्ट' या टीव्ही कार्यक्रमातला हर्ट शोधा. डोक्यावर फेल्टची टोपी, गिटारवर थोडासा ओणवा, चेहऱ्यावर जराही ताण नाही. बोटं इतकी कमी हलतात की आवाज येतोय तो दुसरीकडूनच, असं वाटतं.

गाणी त्याची स्वतःची होती की लोकगीतं?

याचं सरळ उत्तर देता येत नाही, म्हणून जरा पाल्हाळ.

काही गाणी सगळ्यांची होती. 'फ्रँकी'च्या मागे सेंट लुइस शहरातली १८९९ ची घटना आहे: फ्रँकी बेकर नावाच्या मुलीने ॲलन ब्रिट या प्रियकराला गोळी घातली. 'स्टॅक ओ ली'च्या मागे त्याच शहरातला १८९५ च्या नाताळातला खून, ली शेल्टनने बिली लायन्सला मारलं, भांडण टोपीवरून. या दोन्ही कथा दक्षिणेत शेकडो तोंडांनी गायल्या गेल्या. 'स्पाइक ड्रायव्हर' हे जॉन हेन्री या दंतकथेतल्या हातोडावाल्यावरचं. हर्टने काही महिने रेल्वेच्या रुळांवर काम केलं होतं, तिथल्याच एका गड्याकडून त्याने ते उचललं. पण इतर गवई जॉन हेन्रीची मर्दुमकी गातात आणि हर्टचा गडी म्हणतो की या हातोड्याने जॉन हेन्री मेला, मी मरणार नाही. हातोडा मुकादमाला देऊन टाकतो आणि चालू पडतो. पोवाडाच, पण काम सोडून निघालेल्या माणसाचा.

'लुई कॉलिन्स' त्याने स्वतः रचलं. आसपास झालेल्या एका खुनाबद्दल लोक बोलत होते, त्या बोलण्यातून कानावर पडलं तेवढ्यावर. खुनाचं गाणं असून त्यात सूड नाही. आई रडतेय, माणसं लाल कपडे घालतायत, देवदूत त्याला निजवतायत. चाल अंगाईसारखी. मला त्याची सगळी गाणी एका बाजूला आणि हे एक दुसऱ्या बाजूला वाटतं.

तिसरा प्रकार मजेशीर. व्हर्जिनियातल्या रिचलँड्स गावचा विल्यम मायर हा दुकानदार हर्टच्या तबकड्यांवर फिदा होता. त्याने १९२९ च्या सुमारास स्वतः लिहिलेल्या कविता हर्टकडे धाडल्या, की यांना चाली लावा. 'रिचलँड वुमन ब्लूज' त्यातलंच. मायरच्या मनातली रेकॉर्डं कधी निघाली नाहीत, पण गाणं हर्टच्या डोक्यात टिकलं आणि १९६३ नंतर जगासमोर आलं.

म्हणजे उचललेलं, रचलेलं आणि पोस्टाने आलेलं, सगळं त्याच्या अंगठ्यातून गेल्यावर त्याचंच झालं. कॉपीराइटवाल्यांना हे पटत नाही, आणि पुढे भांडणं त्यावरूनच झाली.

'कँडी मॅन' मुलांसाठी चालेल का? चाल फार गोड आहे.

नको! लावणी ऐकलेल्या माणसाला जास्त समजावायला नको. गोळीवाल्याची कांडी किती इंचांची, हे त्यात मोजून सांगितलंय. हे गाणारा माणूस चर्चला जाणारा, मवाळ, आणि त्याच १९२८ च्या खेपेत त्याने दोन भजनंही गायली. त्याला यात काही विसंगत वाटलं नाही. मलाही वाटत नाही.

'लविन स्पूनफुल' हे बँडचं नाव त्याच्यावरून?

हो. 'कॉफी ब्लूज' या गाण्यातल्या शब्दांवरून, १९६५ च्या सुमारास. चमचा कॉफीचा आहे असं तो गाण्याच्या आधी अगदी निरागस चेहऱ्याने समजावून सांगतो. वरचा प्रश्न परत वाचा.

१९६३ नंतर काय झालं?

जुलैमध्ये ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात तो गायला, आणि रातोरात त्याचं नाव झालं. त्याच महिन्यात लायब्ररी ऑफ काँग्रेसने वॉशिंग्टनला त्याची डझनावारी गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली. पत्नी जेसी आणि नातवंडांसह तो वॉशिंग्टनला राहायला आला, 'ऑन्टारिओ प्लेस' नावाच्या कॉफीहाउसमध्ये नेमाने गाऊ लागला. कॉलेजं, महोत्सव, टीव्ही. पुढे व्हॅनगार्ड कंपनीसाठी अल्बम.

त्याच्या शोधानंतर ही युक्ती इतरांनीही वापरली. बुका व्हाइट या दुसऱ्या गवयाच्या गाण्यात ॲबरडीन गावाचं नाव होतं, म्हणून जॉन फेही आणि एड डेन्सन यांनी त्या गावच्या पोस्टाच्या पत्त्यावर 'जुना ब्लूज गवई' असं लिहून पत्र धाडलं, आणि ते त्याला पोचलं. १९६४ मध्ये स्किप जेम्स आणि सन हाउसही सापडले. त्यांची वाजवण्याची सवय मात्र मधल्या वर्षांत सुटली होती. सन हाउसला त्याचीच जुनी गाणी पुन्हा शिकवावी लागली. हर्टचं तसं झालं नाही. १९२८ आणि १९६३ ची 'स्पाइक ड्रायव्हर' लागोपाठ ऐका. आवाज पिकलाय, चाल सावकाश झालीय, अंगठा तोच.

पैसे तरी मिळाले का?

शेतावर मिळाले असते त्यापेक्षा बरेच जास्त. पण ज्यांनी शोधलं त्यांनीच कंपनी काढून त्याच्याशी करार केला होता, आणि त्या करारात कंपनीचा वाटा मोठा होता. नंतर व्यवस्थापन डिक वॉटरमनकडे गेलं. त्याने आपल्या संस्थेचं नावच ॲव्हलॉन ठेवलं. गाण्यांच्या हक्कांवरून झालेली कोर्टबाजी हर्ट गेल्यावरही चालू होती.

शोधणाऱ्या मुलांना खलनायक करायची मला घाई नाही. ते गेले नसते तर आपण आज हे लिहीत-वाचत नसतो. पण विशी-पंचविशीतल्या शहरी पोरांनी लिहिलेला करार आणि चौथी-पाचवीच्या पुढे शाळा न पाहिलेला सत्तरीचा माणूस, यात बरोबरी कुठली?

रॉबर्ट जॉन्सनसारखी सैतानाची वगैरे गोष्ट नाही का याच्याबद्दल?

नाही. रॉबर्ट जॉन्सन या ब्लूजवाल्याने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला म्हणतात, तसलं इथे काही नाही. चौरस्ता नाही, विष नाही, सत्ताविसाव्या वर्षी मरण नाही. गुरं होती.

शेवट कसा झाला? त्याचं घर बघता येतं का?

शहर त्याला मानवलं नाही. १९६६ मध्ये तो मिसिसिपीला परतला, ग्रेनेडात राहिला आणि २ नोव्हेंबर १९६६ ला तिथेच हृदयविकाराने गेला. पुरलं ॲव्हलॉनजवळच्या रानातल्या छोट्या दफनभूमीत.

त्याचं लाकडी घर त्याच्या नातीने, मेरी फ्रान्सिस हर्ट यांनी, वाचवलं आणि त्याचं संग्रहालय केलं. पडवीत लोक येऊन गिटार वाजवायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आगीत जळालं. गावात ब्लूज ट्रेलचा, म्हणजे मिसिसिपीतल्या ब्लूजच्या खुणा दाखवणाऱ्या उपक्रमाचा, निळा फलक आहे आणि दफनभूमीही आहे.

मुंबईत असं काही ऐकायला मिळतं का?

वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्राचा ब्लूज महोत्सव भरतो. पहिल्याच वर्षी बडी गाय येऊन गेला. पण तो सगळा इलेक्ट्रिक, शिकागोच्या वाटेचा ब्लूज. उभं राहून ऐकायचा. हर्टसाठी बसायला सतरंजी आणि माइकशिवायची खोली लागते. पुण्या-मुंबईत घरगुती बैठकीत कुणी ना कुणी 'क्रिओल बेल' वाजवताना सापडतं. बहुतेक वेळा तो मीच असतो.

कुठल्या रेकॉर्डपासून सुरुवात करू?

१९२८ ची गाणी सगळी मिळून चाळीस मिनिटंसुद्धा होत नाहीत. पण सुरुवात तिथून करू नका, तबकडीची खरखर नव्या कानाला आड येते. आधी १९६६ चा 'टुडे!' घ्या. आवाज स्वच्छ आहे, गिटारची प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. मग 'द बेस्ट ऑफ मिसिसिपी जॉन हर्ट'. नावावर जाऊ नका, तो निवडक गाण्यांचा संग्रह नाही, १९६५ साली ओबर्लिन कॉलेजात झालेला जिवंत कार्यक्रम आहे. मधे मधे तो पोरांशी बोलतो, ती हसतात, तो पण.

त्यानंतर १९२८. हेडफोन लावा, रात्री, 'ॲव्हलॉन ब्लूज'. खरखरीच्या मागे ते गावाचं नाव येईल. पहिल्या वेळी ऐकलं नाही तर परत लावा.